गृहपाठ यंत्राने केला, शिकलं कोण?

तुर्कस्तानात नववी ते अकरावीच्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाने नेहमीसारखा वही-पुस्तक घेऊन सराव केला. दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखी मोकळी खिडकी दिली : हवं ते विचारा, उत्तर मिळेल. तिसऱ्यालाही तेच मॉडेल दिलं, पण त्या मॉडेलला आधीच बजावून ठेवलं होतं की उत्तर सांगायचं नाही, पुढच्या पायरीचा इशारा तेवढा द्यायचा. सरावात दुसरा गट पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरला आणि तिसरा तब्बल १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतलं आणि सगळ्यांची साधी परीक्षा घेतली. तिसरा गट पहिल्याच्या बरोबरीला आला. दुसरा मात्र १७ टक्क्यांनी मागे पडला, म्हणजे ज्यांना यंत्र मिळालंच नव्हतं त्यांच्याही मागे. आणि आपण कमी शिकलो, असं या मुलांना वाटतही नव्हतं.

शाळेतल्या एआयबद्दल जी वादावादी चालते, तिचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे. मॉडेल एकच होतं, अभ्यासक्रम एकच होता. डोकं कुणी चालवलं, एवढाच फरक.

स्मरणशक्तीवरचं संशोधन हे आधीपासून सांगत आलंय. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी उतारा झाकून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं : वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आठवताना होणारी ओढाताण हेच शिकणं असतं. मोकळी खिडकी नेमकी तीच वाचवते, म्हणून मूल खूश असतं आणि आठवड्याने पाटी कोरी निघते.

दोन वेगळी यंत्रं, एकच नाव

‘शाळेत एआय आलं’ म्हणताना लोक दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात. एक जुनी आहे : मुलाची तयारी बघून पुढचं उदाहरण निवडणारं सॉफ्टवेअर. दुसरी गप्पा मारणारी, चॅटजीपीटीच्या जातीची. तिचा बोलबाला ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यावर सुरू झाला. दोघींच्या खोडी वेगळ्या, म्हणून त्या वेगवेगळ्याच समजून घ्यायला हव्यात.

शिकवणारं यंत्र ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बटणं दाबून उत्तर द्यायचं यंत्र बनवलं होतं. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये संगणकावर शिकवणारी प्लेटो ही प्रणाली सुरू झाली. पुढे १९९० च्या दशकात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी मुलाच्या ज्ञानाचा अंदाज बांधायची एक पद्धत मांडली. सराव घेणाऱ्या अनेक प्रणाल्यांमागे आजही ती किंवा तिची भावंडं असतात. गणित सोपं आहे, एकदा करून बघू.

समजा, ‘भिन्न छेदांची बेरीज’ हे कौशल्य मुलाला येत असण्याची शक्यता सुरुवातीला ३० टक्के धरली. येत असूनही हात घसरून चूक होण्याची शक्यता १० टक्के. येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची २० टक्के. आणि प्रत्येक उदाहरणातून नव्याने शिकण्याची १० टक्के. मुलाने पहिलं उदाहरण बरोबर सोडवलं की यंत्राचा अंदाज ३० वरून सुमारे ६९ टक्क्यांवर जातो. दुसरंही बरोबर आलं की ९२, तिसऱ्याला ९८. अशा प्रणाल्यांत सहसा ९५ च्या आसपास ‘आलं’ असं धरतात, म्हणजे लागोपाठ तीन बरोबर आली की मूल पुढच्या धड्यात. पहिलंच चुकलं असतं तर अंदाज ३० वरून १५ पर्यंत घसरला असता.

आता यात कुठे खड्डा आहे तो बघा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २० टक्के धरली आहे. पण प्रश्न ‘चूक की बरोबर’ या प्रकारचे असतील तर ती प्रत्यक्षात ५० टक्के असते. मग काहीही न येणाऱ्या आठ मुलांतलं एक मूल निव्वळ नाणं उडवून तीन उत्तरं बरोबर आणतं आणि यंत्र त्याला पुढे ढकलतं. मोठ्या बहिणीने शेजारी बसून उत्तरं सांगितली, तर यंत्राला तेही कळत नाही. पडद्यावरचा ‘९८ टक्के प्रभुत्व’ हा आकडा शिक्षकाने म्हणूनच अंदाज समजून वाचावा. प्रश्न बहुपर्यायी होते की उत्तर टाइप करायचं होतं, ही चौकशी आधी करावी.

असं सॉफ्टवेअर विकणारे इथे हमखास शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा दाखला देतात : एकेकट्याला शिकवलं की सरासरी मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. तो आकडा खाजगी शिकवणी आणि ‘पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही’ हा नियम, या दोन्हींचा मिळून होता. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम बराच कमी निघाला. सरासरी मूल साधारण ७८ टक्के मुलांच्या पुढे जाईल, इतका. पायरी-पायरीने तपासणारं सॉफ्टवेअरही जवळपास तिथेच पोचलं. हेही थोडं नाही, पण ९८ चा आकडा जाहिरातीत दिसला की भुवया उंचावाव्यात.

बोलकं यंत्र काय करतं

भाषा-मॉडेल शब्दांचे तुकडे जोडत जातं. आतापर्यंतचा मजकूर बघून पुढे कोणता तुकडा शोभेल याचा हिशोब करायचा, तो लिहायचा, पुन्हा हिशोब. अमाप मजकूर वाचून ते इतकं सराईत झालेलं असतं की बहुतेक वेळा शोभणारं आणि खरं एकच निघतं. जिथे ते वेगळं होतं तिथेही त्याचा सूर तितकाच ठाम राहतो. गणकयंत्राची जोड नसलेल्या मॉडेलला चार अंकी संख्येला चार अंकी संख्येने गुणायला सांगा. पुष्कळदा पहिले-शेवटचे अंक बरोबर येतात आणि मधले चुकतात. शोभतील असे अंक ते लिहितं. हातचे मांडत नाही.

सराव घेणाऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना केली तर मोठा फरक असा की बोलक्या यंत्राकडे मुलाच्या तयारीची नोंदवही बहुधा नसतेच. समोरच्या संवादात जे आलं तेवढंच त्याला ठाऊक. शिवाय त्याला हो ला हो करायची खोड आहे. मुलाने चुकीची पायरी आत्मविश्वासाने लिहिली तर ‘छान! आता पुढे…’ असं म्हणून ते ती गिळून टाकू शकतं. उदाहरण सोडवून दाखवणं त्याला जमतं, दुसऱ्याची चूक नेमकी पकडणं त्यामानाने अवघड जातं.

तुर्कस्तानातल्या तिसऱ्या गटाचं यश इथे उलगडतं. त्या मॉडेलला ‘उत्तर देऊ नकोस’ एवढंच सांगून सोडून दिलं नव्हतं. प्रत्येक उदाहरणाचं बरोबर उत्तर, मुलं नेहमी करतात त्या चुका आणि त्यावर कोणता इशारा द्यायचा, हे शिक्षकांकडून घेऊन आधीच भरलं होतं. म्हणजे शिक्षकाचं वर्षानुवर्षांचं शहाणपण आत, आणि बोलण्याचं काम यंत्राकडे.

असंच काही स्वतः करायचं तर सूचना अशी लिहिता येते :

‘तू पाचवीच्या मुलाला अपूर्णांक शिकवतोस. उदाहरण : १/२ + १/३. बरोबर उत्तर : ५/६. नेहमीची चूक : अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणं. उत्तर कधीही सांगू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार, दोन वाक्यांपेक्षा जास्त लिहू नकोस. मुलाने स्वतःची पायरी लिहिल्याशिवाय पुढचा इशारा देऊ नकोस. तीन इशाऱ्यांनंतरही जमलं नाही तर दुसऱ्या आकड्यांचं सोडवलेलं उदाहरण दाखव आणि मग या उदाहरणाकडे परत ये.’

मुलाने २/५ लिहिलं की सूचना नसलेलं यंत्र सहसा ‘छेद वेगळे आहेत, म्हणून लसावि काढू. तो ६…’ असं म्हणत सगळं उदाहरण संपवून टाकतं. सूचना दिलेलं यंत्र ‘छेद सारखे आहेत का?’ असं विचारतं. हे बरं, पण यातही मुलाला फक्त नियम आठवतो. याहून चांगला इशारा बघा : ‘२/५ मोठे की १/२?’ मूल विचार करतं, १/२ मोठं. मग पुढचा प्रश्न : ‘अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?’ इथे मुलाची स्वतःचीच समजूत त्याला अडवते. असा इशारा यंत्राला आपण होऊन सुचेलच असं नाही. चांगल्या शिक्षकाला तो माहीत असतो, आणि सूचनेत एक ओळ वाढवली की यंत्रालाही माहीत होतो.

बिघाड कुठे होतात? संवाद लांबत गेला की सुरुवातीच्या सूचनेची पकड सुटू शकते आणि यंत्र उत्तर सांगून मोकळं होतं. म्हणून प्रत्येक उदाहरणाला नवा संवाद उघडावा. ‘मी शिक्षक आहे, उत्तर तपासायचंय’ ही थाप मुलांना लवकरच सापडते. तीन वेळा नुसतं ‘माहीत नाही’ लिहून सोडवलेलं उदाहरण पदरात पाडणारेही असतात. म्हणून ‘मुलाने पायरी लिहिल्याशिवाय’ ही अट सूचनेत असावीच.

मराठीतून विचारलं तर

मॉडेलांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा, मराठीचा चिमूटभर. त्यात देवनागरी मजकुराचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळे तितक्याच आशयाला काम जास्त लागतं. वाक्यं हल्ली बरी जमतात. फसगत होते ती परिभाषेत, कारण शेजारची हिंदी आत झिरपते. अपूर्णांकाला ‘भिन्न’, छेदाला ‘हर’, मूळ संख्येला ‘अभाज्य संख्या’, क्षेत्रफळाला ‘क्षेत्रफल’. मोठ्या माणसाला संदर्भाने कळतं. पाचवीतल्या मुलाला ‘हर समान करा’ म्हटलं तर ते गोंधळून जाईल, कारण त्याच्या पुस्तकात हा शब्द नाही. उपाय साधा आहे : त्या धड्यातल्या दहा-पंधरा संज्ञा पुस्तकातून जशाच्या तशा उतरवून सूचनेच्या सुरुवातीला द्याव्यात आणि ‘याच संज्ञा वापर’ असं लिहावं. ऱ्हस्व-दीर्घ आणि लिंगाच्या चुका तरीही राहतात. छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचलं की त्या कानाला खटकतात.

शिक्षकाचं काम कुठे हलकं होतं

मुलाच्या हातात यंत्र देण्याची घाई सगळीकडे दिसते. सुरुवात शिक्षकाच्या टेबलापासून करावी हे जास्त शहाणपणाचं. तिथे चूक झाली तर ती वर्गात जाण्याआधी एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाते, आणि वाचलेला वेळ मुलाच्या डोक्यातून वजा होत नाही.

सगळ्यात उपयोगी पडतं ते प्रश्न तयार करणं. नुसतं ‘दशांश अपूर्णांकावर दहा प्रश्न दे’ म्हटलं तर गुळमुळीत प्रश्न येतात. धड्याचा उतारा द्यावा, मुलांच्या दोन-तीन ठरलेल्या गैरसमजुती सांगाव्यात आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या गैरसमजुतीतून येतो ते शेजारी लिहायला सांगावं. पंधरा मागवावेत, आठ कामाचे निघाले तरी पुष्कळ. सगळे स्वतः सोडवून बघायचे, कारण उत्तरसूचीत एखादं उत्तर चुकलेलं असतंच. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांबलचक झालाय का, तेही बघायचं. चलाख मुलं तेवढ्यावरूनच ओळखतात.

दशांशाचं उदाहरण थोडं जवळून बघू. ‘०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न यंत्र चटकन देतं. ‘३५ हे ४ पेक्षा मोठे’ असं समजणारं मूल ०.३५ म्हणतं आणि सापडतं. पण काही मुलांची समजूत उलटी असते : दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त, तितकी संख्या लहान. ती मुलं ०.४ असं बरोबर उत्तर देऊन निसटतात. त्यांना पकडायला ‘०.३५ आणि ०.२’ ही जोडी लागते. तिथे ती ०.२ मोठी म्हणतात. दोन्ही जोड्या विचारल्या तरच तीन प्रकारची मुलं वेगळी होतात. पहिल्यांदाच मागितलेल्या प्रश्नसंचात ही दुसरी जोडी येईल याचा भरवसा नाही. गैरसमजुतीचं नाव घेऊन मागितली की येते.

उत्तरपत्रिका तपासून घ्यायच्या असतील तर आधी यंत्राचीच परीक्षा घ्यावी. स्वतः तपासलेल्या दहा उत्तरपत्रिका घ्याव्या, नावं काढून टाकावी, गुणांचे निकष द्यावे आणि यंत्राचे गुण आपल्या गुणांशेजारी मांडावेत. मग दुसऱ्या दिवशी त्याच दहा पुन्हा द्याव्यात. तोच निबंध आज पाचपैकी चार आणि उद्या तीन घेऊन येऊ शकतो. लांब उत्तरांना झुकतं माप मिळतं का आणि गुण मधल्यामध्येच घुटमळतात का, हेही या तक्त्यात दिसतं. अंतिम गुण यंत्रावर सोपवू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. शेरे लिहायला मात्र त्याची मदत घ्यावी. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, आणि शेऱ्यासोबत गुणही दिलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. गुण दिसले की शेऱ्याकडे कोण बघतं! शेरा कच्च्या लेखनावर आणि गुण आठवड्याने पक्क्या प्रतीवर, असा क्रम ठेवला की दोन्ही साधतं.

चोर पकडणारं यंत्र विसरा

न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या इंटरनेट जाळ्यावर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. मूल घरी काय करतं हे शाळेच्या जाळ्यावरून थोडंच ठरतं? मग ‘हे एआयने लिहिलंय का’ हे ओळखणारी सॉफ्टवेअर आली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही असं एक साधन त्याच जानेवारीत काढलं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेला मजकूर १०० पैकी २६ वेळा ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के वेळा यंत्राचा ठरवत होतं. जुलैत त्यांनी ते मागे घेतलं. चाळीस प्रामाणिक मुलांच्या वर्गाला ९ टक्के लावून बघा : तीन-चार जणांवर चोरीचा आळ. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के त्यांनी यंत्राचे ठरवले. मोजके, साधे शब्द वापरणारा माणूस या साधनांना यंत्रासारखा वाटतो, आणि नव्या भाषेत लिहिणारं प्रत्येक मूल तसंच लिहितं.

त्यापेक्षा कामाची रचना बदलावी. महत्त्वाचं लेखन वर्गात, कागदावर. घरून आणलं तर मुद्द्यांची कच्ची टिपणंही सोबत. आणि तीन मिनिटांची तोंडी विचारपूस : ‘हा शब्द इथे का घेतलास? हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल?’ चाळीस मुलांना एकदम विचारायचं तर दोन तास जातात. दर आठवड्याला चिठ्ठी काढून पाच मुलं घेतली तर पंधरा मिनिटांत आटोपतं, आठ आठवड्यांत सगळा वर्ग होतो आणि आपली पाळी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं.

वयाचं आणि माहितीचं थोडक्यात. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात अशी साधनं वर्गात स्वतंत्रपणे वापरायला किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. मुलाचं नाव, फोटो, आजार, घरची परिस्थिती यातलं काहीही खिडकीत टाकू नये. ‘विद्यार्थी १’ पुरेसं असतं. मुलाच्या चेहऱ्यावरून त्याचं लक्ष किंवा मनःस्थिती ओळखतो म्हणणारी साधनं युरोपीय संघाने शिक्षणात फेब्रुवारी २०२५ पासून जवळपास पूर्णपणे बंद केली आहेत. ती कुणी विकायला आणली तर चहा पाजून परत पाठवावं.

एकच पडदा, सगळा वर्ग

प्रत्येक मुलाला यंत्र मिळेलच असं नाही, आणि त्याची गरजही नाही. एक संगणक, एक पडदा आणि शिक्षकाचं खातं यावर उत्तम तास होतो. मुलं आधी दहा मिनिटं वहीत स्वतः उत्तर लिहितात. मग तोच प्रश्न यंत्राला विचारून उत्तर पडद्यावर आणायचं. पुढची पंधरा मिनिटं काम एकच : दोन-दोन मुलांनी मिळून त्या उत्तरातली किमान एक चूक, एक मोघम वाक्य आणि पुस्तकाशी न जुळणारी एक गोष्ट शोधायची, पान क्रमांकासह. चूक सापडली नाही तर ‘हे बरोबर आहे’ हेही पुस्तकातून दाखवून द्यायचं. क्रम मात्र उलटा करू नये. यंत्राचं उत्तर आधी दाखवलं की सगळ्या वह्यांत त्याचीच नक्कल उतरते.

दोन-तीन आठवडे कुठलंही साधन वापरून झालं की कागदावर पाच उदाहरणं द्यावीत, यंत्राशिवाय : दोन सरावातलीच आकडे बदलून, दोन शाब्दिक, आणि एक आधीच चुकीचं सोडवलेलं, ज्यातली चूक शोधायची. सॉफ्टवेअर ९५ टक्के म्हणतंय आणि कागदावर पाचपैकी दोन, अशी मुलं निघतील. त्यांना लगेच बोल लावू नये. आधी सॉफ्टवेअरमधली त्यांची इशाऱ्यांची नोंद उघडावी. एका इशाऱ्यानंतर दुसरा चार-पाच सेकंदांत मागितलेला दिसला, तर मुलाने पहिला वाचलेलाच नाही. ते बटण दाबत शेवटच्या इशाऱ्यापर्यंत, म्हणजे उत्तरापर्यंत गेलंय. आणि इशाऱ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट जात असूनही कागद कोरा असेल, तर मूल कष्ट घेतंय; इशारेच त्याच्या डोक्यावरून जातायत, आणि ते बदलायला हवेत.